पदव्युत्तर शिक्षणाचा पैसा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फेब्रुवारी २०१८ मध्ये देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतले, म्हणजे ‘टिस’चे विद्यार्थी संपावर गेले. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असणाऱ्यांकडून वसतिगृहाचे आणि जेवणाचे पैसे आधी भरून घेऊ नयेत, ही त्यांची एक प्रमुख मागणी. शिष्यवृत्ती होती, पात्रताही होती. अडलं होतं ते पैसे हातात कधी पडणार यावर. उच्च शिक्षणाच्या खर्चाबद्दलचे बरेचसे गैरसमज याच जागी तयार होतात.

गैरसमज: शिष्यवृत्ती मंजूर झाली की प्रवेशाच्या दिवशी खिशात हात घालावा लागत नाही.
वस्तुस्थिती: अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते, पण ती अर्ज आणि पडताळणी उरकल्यावर. प्रवेशाच्या वेळी फी भरावी लागू नये म्हणून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ‘फ्रीशिप कार्डा’ची तरतूद आहे. संस्था ते स्वीकारते का, हे प्रवेशाआधीच विचारा. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’ योजनेतून मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. मात्र पहिल्या काही महिन्यांचं भाडं तेवढं थांबत नाही. त्याची सोय वेगळी करावी लागते.

गैरसमज: खुल्या प्रवर्गाला काहीच मिळत नाही.
वस्तुस्थिती: कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत व्यावसायिक अभ्यासक्रमांची निम्मी शिकवणी फी राज्य सरकार भरतं. २०२४-२५ पासून मुलींसाठी ही सवलत पूर्ण झाली. पण प्रवेश सरकारी प्रवेशप्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागा आणि खासगी अभिमत विद्यापीठं यात बसत नाहीत.

गैरसमज: घर तारण ठेवल्याशिवाय बँक दारात उभं करत नाही.
वस्तुस्थिती: बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’त निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार दोन्हींशिवाय कर्ज मिळतं. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे आधी पाहा.

गैरसमज: शिक्षण चालू असेपर्यंत व्याज लागत नाही.
वस्तुस्थिती: हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. समजा, पाच लाख सुरुवातीलाच उचलले आणि दर दहा टक्के आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढची एक वर्षाची सवलत धरली, तर पहिला हप्ता सुरू होण्याआधी सरळव्याजानेच दीड लाख चढलेले असतात. विद्यालक्ष्मीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना या काळात दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळू शकते. नोकरी लागल्यावर कलम ८०ई खाली प्राप्तिकरात वजावट आहे, पण ती फक्त व्याजाची, कमाल आठ वर्षं, आणि जुनी करप्रणाली निवडली तरच.

गैरसमज: परदेशासाठी ‘टाटां’ची मदत मिळाली म्हणजे फुकट शिकलो.
वस्तुस्थिती: १८९२ साली सुरू झालेला जे. एन. टाटा एंडोमेंट मूळचा कर्जरूप शिष्यवृत्ती देतो. ती परत करायची असते. अटी तर थेट शिष्यवृत्तीलाही असतात. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी परतल्यावर संस्थानाची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार केला होता.

गैरसमज: संशोधन श्रीमंतांनीच करावं.
वस्तुस्थिती: जानेवारी २०२३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आहे, पुढे ४२,०००. ‘गेट’ ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत एम.टेक. करणाऱ्याला महिना १२,४०० मिळतात. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या पीएचडी अधिछात्रवृत्त्या वेगळ्याच.

तेव्हा कोणत्याही योजनेचा अर्ज भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: पैसे कोणाच्या खात्यात येणार, कोणत्या महिन्यात येणार, आणि आले नाहीत तर संस्था परीक्षेला बसू देणार का.