लेकीची लेक, तिची लेक...

गेल्या दिवाळीत आमच्या थोरल्या दिरांनी सासरच्या घराण्याची वंशावळ सगळ्यांना वाटली. दोन वर्षे खपून, जुन्या वह्या आणि कागदपत्रे चाळून त्यांनी ती तयार केली होती. अकरा पिढ्या! मूळ पुरुषापासून आमच्या नातवापर्यंत एकाखाली एक चौकटी, रेघांनी जोडलेल्या. मला कौतुक वाटले. फराळाला आलेली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मात्र तो कागद उलटसुलट करून पाहत होती. शेवटी म्हणाली, ‘‘मावशी, यात एकही बाई नाही. मग ही सगळी माणसं आली कुठून?’’

सगळे हसले. रात्री मात्र मी वहीचे पान फाडून बसले. वर माझे नाव लिहिले. त्यावर आईचे. त्यावर आजीचे : माहेरची यमुना, सासरी आल्यावर तांदळात नाव लिहून झालेली लक्ष्मी. आणि आजीची आई? तिला रत्नागिरीकडच्या त्या घरात सगळे ‘बय’ म्हणत, एवढेच मला ठाऊक. तिथे पेन्सिल थांबली. सासरच्या अकरा पिढ्या नावानिशी हाताशी होत्या आणि ज्या बायकांच्या पोटून मी आले, त्यांच्यातली चौथीच सापडेना.

कागद विसरला तरी शरीर विसरत नाही, हे मी वाचून होते. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया नावाचे बारीक घटक असतात. पेशीला लागणारी ऊर्जा ते तयार करतात. पेशीतल्या चुलीच म्हणा ना! या चुलींना स्वतःचा थोडासा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांची एक छोटी गोल माळ. ही माळ आपल्याला आईकडून मिळते. वडिलांच्या बीजातल्या चुली गर्भात टिकत नाहीत. आई आपली माळ मुलगा आणि मुलगी दोघांनाही देते, पण पुढे पाठवते ती फक्त मुलगी. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना क्वचित एखादे अक्षर बदलते, आणि तो बदल पुढच्या सगळ्या लेकींकडे जातो. दोन माणसांच्या माळांतले असे बदल जुळले, की त्यांची कोणीतरी एक पणजी-खापरपणजी सामाईक होती हे कळते. अशाच हिशेबाने १९८७ साली रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अॅलन विल्सन या शास्त्रज्ञांनी आज जिवंत असलेल्या सर्व माणसांची मातृरेषा आफ्रिकेतल्या एका स्त्रीपर्यंत नेऊन पोचवली.

या विषयावरचे जे जे हाती लागेल ते वाचत असताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. ती आहे आइसलंडची.

उत्तर अटलांटिकमधले हे थंडगार बेट. लोकवस्ती आजही चार लाखांच्या आसपास. इसवी सन ८७० च्या सुमारास तिथे माणसे राहायला आली ती नॉर्वेकडून, असे शाळेत शिकवतात. पुरुषांपुरते ते बरेचसे खरे आहे. पण आईकडच्या माळा तपासल्या तेव्हा निघाले की, सुमारे साठ टक्के मातृरेषा स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या आहेत. व्हायकिंग दर्यावर्दींनी वाटेत तिथल्या बायका बरोबर घेतल्या. काही लग्नाच्या, कित्येक पकडून आणलेल्या दासी. राष्ट्राच्या आद्य माता अशा आल्या.

आइसलंडच्या लोकांना वंशावळीचे वेड आपल्याहून अधिक. सन १७०३ मध्ये त्यांनी साऱ्या देशाची नावनिशीवार शिरगणती केली : ५०,३५८ माणसे. तिथे बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. जन्मभर अमक्याची मुलगी म्हणूनच ओळखली जाते. त्यामुळे आईची आई, तिची आई असा माग काढत तीनशे वर्षे मागे जाता येते. या नोंदी संगणकावर आल्या आणि १९९६ मध्ये रेक्याविक इथे सुरू झालेल्या ‘डीकोड’ या संस्थेत त्यांची रक्ताच्या नमुन्यांशी सांगड घातली गेली.

त्यात एक नवल सापडले. ऐंशीहून थोड्या अधिक माणसांची मातृमाळ ना नॉर्वेची, ना आयर्लंडची. ती होती ‘सी-१’ गटातली. या गटाच्या तेव्हा चार शाखा माहीत होत्या. तीन अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत आणि एक आशियात. गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या आइसलंडकरांत ही कुठून आली? पहिला तर्क साधा होता : अलीकडे कोणी आशियाई बाई लग्न होऊन आली असेल. पण नोंदवह्यांनी तो खोडून काढला. या माणसांच्या आयांचा माग चार वेगवेगळ्या रेषांनी सन १७०० च्या आसपास जन्मलेल्या बायकांपर्यंत गेला. वातनायोकुल या अफाट हिमनदीच्या परिसरातल्या त्या बायका. म्हणजे या चौघींचीही कोणी आदिमाता त्याआधीच बेटावर असणार, बहुधा कित्येक शतके आधी.

सन २०१० मध्ये सिग्रिदूर सुन्ना एबेनेसर्सडोटिर, आग्नार हेल्गासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला. संशोधिकेच्या आडनावाचा अर्थच मुळी ‘एबेनेसरची मुलगी’. त्यांनी अकरा जणांची माळ अथपासून इतिपर्यंत वाचली. निघाले काय, तर ही माळ माहीत असलेल्या चारही शाखांत बसत नाही. ती पाचवीच बहीण. तिला नाव दिले ‘सी-१-ई’.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी मग एक कथा रंगवली. व्हायकिंग लोक कोलंबसाच्या पाचशे वर्षे आधी अमेरिकेला पोचले होते, हे आता पक्के आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर त्यांच्या घरांचे अवशेष १९६० मध्ये सापडले, आणि तिथले लाकूड इसवी सन १०२१ मध्ये तोडलेले होते, हे २०२१ मध्ये सिद्ध झाले. तेव्हा परतीच्या एखाद्या जहाजातून एक अमेरिकन बाई आइसलंडला आली असेल. राजीखुशीने किंवा बांधून. तिच्या लेकी, लेकींच्या लेकी...

कथा मोहवणारी आहे. अभ्यासकांनाही अमेरिकेची शक्यता सगळ्यांत मोठी वाटली. पण आशिया आणि युरोपही नाकारता येत नाही, हे त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवले. आइसलंडच्या जुन्या सागांत या सफरींचे वर्णन आहे. गुद्रिद नावाच्या व्हायकिंग बाईने पलीकडच्या भूमीवर स्नोरी या मुलाला जन्म दिल्याचे त्यांत येते. तिथल्या दोन मुलांना पकडून आणल्याचे आणि त्यांच्या आईचे नाव काय होते तेही येते. पण आणलेले ते दोघे मुलगे होते, आणि मुलगा माळ पुढे देत नाही. पकडून आणलेल्या मुलीचा उल्लेख तिथे नाही.

पुढे २०१४ मध्ये गोष्टीला आणखी वळण लागले. रशियाच्या वायव्येला ओनेगा सरोवरातल्या एका बेटावर अश्मयुगीन दफनभूमी आहे. तिथल्या सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या हाडांत ‘सी-१’ची आणखी एक बहीण सापडली, ‘सी-१-एफ’. म्हणजे हा गट युरोपच्या कडेवर फार पूर्वीच पोचला होता. मग आइसलंडची ती बाई अटलांटिकच्या पलीकडून आली, की उत्तर युरोपातल्या कुठल्या जुन्या, नामशेष होत आलेल्या घराण्याची शेवटची लेक होती? ‘सी-१-एफ’ ही बहीण आहे, आई नाही. त्यामुळे निकाल लागत नाही.

मला मात्र ती आली कुठून याहून ती टिकली कशी याचेच जास्त नवल वाटते. सन १७०७ ते १७०९ च्या देवीच्या साथीत आइसलंडची सुमारे पाव वस्ती गेली. सन १७८३ मध्ये लाकी ज्वालामुखी फुटला, गुरे मेली, दुष्काळ पडला आणि पाचातला एक माणूस दगावला. हेल्गासन यांच्या २००३ मधल्या अभ्यासाचा हिशेब तर थक्क करणारा आहे. सन १६९८ ते १७४२ मध्ये जन्मलेल्या बायकांपैकी जेमतेम साडेसहा टक्के बायका आजच्या सुमारे ६२ टक्के तरुणींच्या मातृरेषेच्या मुळाशी आहेत. बाकीच्या बहुतेकींची रेषा कुठेतरी खुंटली. कुणाला मूल झाले नाही, कुणाची लेक पाळण्यातच गेली, कुणाला मुलगेच झाले. अशा चाळणीतून ती एक परकी माळ खाली न पडता ऐंशी माणसांपर्यंत आली. त्यात पराक्रम नाही, नशीब आहे. आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी काढलेली बाळंतपणे आहेत.

हे वाचताना मनात येते, मला दोन मुलगे. बयची माळ त्यांच्या अंगात आहे, पण त्यांच्यापाशीच ती थांबणार. पुढे गेली तर बहिणीच्या मुलीकडून जाईल. मी तिला हे सांगितले तेव्हा ती पटकन म्हणाली, ‘‘मावशी, म्हणून मला मुलगी व्हायलाच हवी असं नाही हं!’’ खरेच आहे. वंशाच्या दिव्याचे ओझे मुलग्यांच्या आयांनी पुष्कळ वाहिले. आता तेच दुसऱ्या टोकाने लेकींच्या गळ्यात कशाला? माळ थांबली म्हणून आजी-पणजी खोट्या ठरत नाहीत. माळेत नाव नसते. नाव जपायचे तर ते आपणच विचारून घ्यायचे असते.

म्हणून मी आईच्या मावशीला फोन केला. नव्वदी उलटलेली, ऐकू कमी येते. तीनदा ओरडून विचारल्यावर म्हणाली, ‘‘बयचं नाव? अगं, भागीरथी! माहेरचं गोदावरी.’’ मी घाईघाईने लिहून घेतले. ‘‘आणि बयच्या आईचं?’’

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, ‘‘ते कधी विचारलंच नाही गं.’’

दिरांनी दिलेल्या वंशावळीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता पाच चौकटी आहेत. पहिल्या चौकटीत भाचीने स्वतःच्या हाताने आपले नाव लिहिले. पाचवीच्या वर मी एक रिकामी चौकट आखून ठेवली आहे.