गतीचे नियम (लेखांक ३) : दोन्ही बलं सारखी, तरी गाडी चालते कशी?

मागच्या लेखांकात आपण दुसरा नियम पाहिला. वस्तूवर जेवढं निव्वळ बल, त्या प्रमाणात तिचं त्वरण. त्यातला ‘वस्तूवर’ हा शब्द आज घट्ट धरून ठेवायचा आहे. तो निसटला की तिसऱ्या नियमात गोंधळ होतोच.

तिसरा नियम बहुतेकांना पाठ असतो. एका वस्तूने दुसरीवर बल लावलं, की त्याच क्षणी दुसरीही पहिलीवर तेवढंच, पण उलट दिशेने बल लावते. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने घोड्याचं उदाहरण दिलं आहे : दोराने दगड ओढणारा घोडाही दगडाकडे तितकाच ओढला जातो. आपण घोड्याऐवजी बैलगाडी घेऊ. बैल गाडीला पुढे ओढतो आणि गाडी बैलाला तेवढ्याच बलाने मागे ओढते. मग वजाबाकी होऊन शून्यच उरायला हवं. तरी गाडी चालते. का?

कारण ही दोन बलं एकाच वस्तूवर नाहीत. एक गाडीवर आहे, दुसरं बैलावर. वजाबाकी एकाच वस्तूवरच्या बलांची करायची असते. गाडीपुरतं पाहा : पुढे बैलाची ओढ, मागे चाकांना होणारा विरोध. ओढ जास्त असेल तर गाडी वेग घेते. आता बैलापुरतं पाहा : तो खुरांनी जमिनीला मागे रेटतो, म्हणून जमीन त्याला पुढे रेटते. हा रेटा गाडीच्या मागच्या ओढीपेक्षा जास्त झाला की बैल पुढे सरकतो. चिखलात खूर घसरतात, जमिनीला नीट रेटता येत नाही, म्हणून जमिनीकडूनही पुरेसा रेटा मिळत नाही आणि गाडी रुतून बसते. बैलाची ताकद तीच असते.

आणखी एक चूक सर्रास होते. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबलाने वर दिलेला आधार ही प्रतिक्रिया, असं सांगितलं जातं. ते बरोबर नाही, कारण ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. पुस्तकाचं वजन म्हणजे पृथ्वीने पुस्तकाला ओढणं. त्याची जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला तेवढ्याच बलाने वर ओढणं. पृथ्वीचं वस्तुमान अफाट असल्याने तिचं त्वरण जाणवण्याइतकं नसतं, इतकंच.

या नियमाबाबत मोठमोठ्यांचीही गफलत झाली आहे. रॉकेटने चंद्रापर्यंत जाता येईल असं अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांनी मांडलं, तेव्हा जानेवारी १९२०मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखातून त्यांची खिल्ली उडवली. निर्वात पोकळीत रेटायला काहीच नसताना रॉकेट पुढे कसं जाणार, असा त्या वृत्तपत्राचा आक्षेप होता. पण रॉकेट हवेला रेटतच नाही. ते आपल्याच पोटातल्या तप्त वायूला मागे फेकतं आणि तो वायू रॉकेटला पुढे ढकलतो. जोडी रॉकेट आणि वायू यांची आहे. बाहेरची हवा उलट अडथळाच करते. रॉकेट पोकळीतही चालतं हे गोडार्ड यांनी प्रयोग करून दाखवलं होतं. अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ला, त्या वृत्तपत्राने चूक कबूल केली. ते ऐकायला गोडार्ड नव्हते. १९४५ सालीच त्यांचं निधन झालं होतं.

१४ जुलै २०२३ला चंद्रयान-३ घेऊन श्रीहरिकोट्याहून उडालेलं एलव्हीएम-३ रॉकेट सुमारे ६४० टनांचं होतं. त्यातले ४०० टनांहून अधिक म्हणजे बाजूच्या दोन बूस्टरांमधलं घन इंधन. ते इंधन जळून वायूरूपाने खाली फेकलं गेलं, म्हणून एवढं मोठं धूड वर उचललं गेलं.

म्हणून या आठवड्यात एक सवय लावून घ्या. कुठलंही बल दिसलं की ‘कोणी, कोणावर’ हे दोन्ही लिहा. मग त्याच वाक्यातल्या दोन नावांची अदलाबदल करा, प्रतिक्रिया तुमच्यासमोर असेल. चालणं, पोहणं, बंदुकीचा धक्का, सगळ्यांवर हे करून पाहा. पुढच्या लेखांकात याच जोड्यांमधून संवेग अक्षय्यतेचा नियम कसा निघतो, ते पाहू.