डाव संपल्यावरचं टेबल

हत्ती-प्याद्याच्या शेवटातल्या लुसेनाच्या स्थितीकडे या वेळी वळायचं ठरलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो. नांदेडहून एका वाचक आईंचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून दुसरं काही लिहावंसं वाटत नाहीये.

त्यांचा मुलगा आठवीत आहे. रोज मोबाइलवर दहा-पंधरा डाव खेळतो, कोडी सोडवतो, सुट्टीत स्पर्धांनाही जातो. पण रेटिंग दीड वर्ष जिथल्या तिथे. ‘शिकवणी बदलून पाहू का?’ असं त्यांनी विचारलंय. पत्रात पुढे सहज लिहून गेल्यासारखं एक वाक्य आहे, ते मला महत्त्वाचं वाटलं: ‘हरला की लगेच पुढचा डाव लावतो, त्याबद्दल कुणाशी बोलत मात्र नाही.’

ताई, शिकवणी राहू द्या. आधी त्याला बोलायला माणसं मिळवून द्या.

बुद्धिबळाचा निम्मा अभ्यास डाव संपल्यावर होतो. आत्ताआत्तापर्यंत समोर शत्रू होऊन बसलेला माणूस त्याच पटावर मोहरी मागे नेतो आणि विचारतो, ‘इथं तू उंट का नाही मारलास? मी तर घाबरूनच बसलो होतो!’ खेळाडू याला सरळ पोस्टमॉर्टेम म्हणतात. तुम्हाला न दिसलेलं काय त्याला दिसलं आणि तो कशाला उगीच घाबरला, हे या दहा मिनिटांत कळतं. दुसऱ्या माणसाच्या डोक्यात डोकावण्याची ही संधी पुस्तकातून मिळत नाही आणि इंजिनाकडूनही नाही. इंजिन सांगतं, चाल चुकली. ती चाल तुम्हाला मोहात का पाडत होती, हे त्याच चालीला कधीतरी फसलेला माणूसच सांगू शकतो.

अडचण अशी की या गप्पा कुठे चालतात, तेच नवख्याला दिसत नाही. आपल्याकडच्या शनिवार-रविवारच्या स्पर्धा डोळ्यांपुढे आणा. शाळेचा नाहीतर मंगल कार्यालयाचा हॉल, ओळीनं लावलेली टेबलं, दाराबाहेर डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेले पालक. डाव संपतो, मुलं स्कोअरशीटवर सह्या करतात, दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवतात आणि उठतात. आत बोलायची बंदी असते आणि ती हवीच, कारण शेजारचं घड्याळ अजून चालू असतं. पण मग बोलायचं कुठे? चांगल्या स्पर्धांत त्यासाठी वेगळी खोली असते. ती बहुधा वरच्या मजल्यावर किंवा मागच्या अंगाला, आणि तिथे जातात ती आधीपासून एकमेकांना ओळखणारी, एकाच क्लासची मुलं. पहिल्यांदा आलेल्या मुलाला अशी खोली आहे हेही कुणी सांगत नाही. तो दारातून बाहेर येतो, आई विचारते ‘जिंकलास?’, आणि उत्तर काहीही असो, डबा उघडला जातो.

पुण्यातल्या एका स्पर्धेत अशी खोलीच नव्हती. तेव्हा दोन मुलांनी जिन्याच्या पायरीवर गुंडाळीचा पट पसरला. पायरी अरुंद, त्यामुळे पटाची एक बाजू लोंबत होती आणि एच पट्टीवरचा हत्ती सारखा घसरत होता. काळ्यानं खेळलेला मुलगा सांगत होता, ‘मी किल्लेकोट केला आणि तू लगेच एच प्यादं सोडलंस, तेव्हाच मला कळलं आपण मेलो.’ दुसरा म्हणाला, ‘मला तर पुढचं काहीच दिसत नव्हतं, नुसतं प्यादं ढकललं.’ जिन्यावरून वर निघालेली एक लहान मुलगी थबकली. दोन मिनिटं नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘तिथं घोडा एफ8 वर आणला तर?’ दोघांनी तिच्याकडे पाहिलंही नाही, हात मात्र दोघांचे एकदम घोड्याकडे गेले. नंतरची पंधरा मिनिटं ती तिथंच बसून होती. तिची फेरी कधीच संपली होती, आणि जिना वाटेत नसता तर ती तिथं पोचलीच नसती.

सगळं इथंच अडतं. विश्लेषणाचं टेबल वाटेत हवं. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे: पेअरिंगचा कागद जिथे लावता, त्याच्या शेजारी दोन टेबलं मांडा. पेअरिंग लागलं की झाडून सगळी मुलं तिथे धावतात, सगळे पालकही. तिथे दोन पट मांडलेले असले, त्यावर कुणीतरी मोठ्यानं भांडत असलं, तर येणारा-जाणारा थांबेलच. खर्च काही नाही. वेगळ्या खोलीत शांतता मिळते हे मान्य, पण ज्याला त्या खोलीचा पत्ताच नाही त्याला शांततेचा काय उपयोग?

दिसेल अशा ठिकाणी बोललं की काय होतं, त्याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण 1851 सालचं आहे. लंडनमध्ये पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती. पहिल्याच फेरीत जर्मनीच्या अडॉल्फ आंदरसेननं लिओनेल किसेरित्स्कीला हरवलं. हा किसेरित्स्की पॅरिसच्या कॅफे दे ला रेजांसमध्ये तासाला 5 फ्रँक घेऊन बुद्धिबळ शिकवायचा. 21 जूनला दोघे पुन्हा समोरासमोर बसले. या वेळी स्पर्धेबाहेर, नुसते गंमत म्हणून. आंदरसेननं एक उंट दिला, दोन्ही हत्ती दिले, शेवटी वजीरही दिला आणि 23 व्या चालीला उरलेल्या उंट-घोड्यांनी मात केली.

हा डाव कुठल्या निकालपत्रकात येणार नव्हता. तो आज आपल्याकडे आहे तो हरलेल्या माणसामुळे. किसेरित्स्की इतका भारावून गेला, की त्यानं स्वतःच्या पराभवाच्या चाली पॅरिसच्या मित्रांना कळवल्या आणि तो चालवत असलेल्या ‘ला रेजांस’ मासिकात जुलै महिन्यात तो डाव छापला. चार वर्षांनी व्हिएन्नाच्या एर्न्स्ट फाल्कबेअरनं त्याला ‘अमर डाव’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. किसेरित्स्की 1853 मध्ये पॅरिसमध्ये हलाखीत वारला. त्यानं जिंकलेले डाव किती जणांना आठवतात? पण त्यानं उघड्यावर मांडलेला हा एक पराभव दीडशेहून जास्त वर्षं जगभरची पोरं पटावर लावून बघताहेत. पत्रातल्या मुलाला हा डाव आधी दाखवा आणि कुणी छापला ते नंतर सांगा.

दुसरं उदाहरण टीव्हीचं. 1972 मध्ये रेकयाविकला फिशर आणि स्पास्की खेळत होते. कॅमेऱ्यांवरून फिशरनं वाद घातल्यामुळे सभागृहातलं चित्रण जवळजवळ मिळतच नव्हतं. अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर शेल्बी लायमन नावाचा बुद्धिबळ शिक्षक स्टुडिओत भिंतीवरचा मोठा पट घेऊन उभा राहायचा. आइसलंडहून चाल आली की ती पटावर लावायची आणि पुढची येईपर्यंत पाहुण्यांशी बोलत राहायचं: आता काय होईल, घोडा तिकडे का गेला, तुम्ही असता तर काय केलं असतं. तासन्‌तास हेच. खेळाडूंचे चेहरे नाहीत, सभागृह नाही, नुसती चर्चा, आणि तरीही लोक टीव्हीपुढून हलत नव्हते. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत बुद्धिबळाचे पट दुकानांतून संपले, त्याचं श्रेय फिशरला देतात. मी त्यातला मोठा वाटा लायमनला देईन. फिशर लोकांना दिसतच नव्हता. लायमनचं मोठ्यानं विचार करणं दिसत होतं.

आता ज्या डावासाठी हा सगळा प्रपंच मांडला, त्याकडे येतो. तारीख पुन्हा 21 जून, साल 1999. गॅरी कास्पारोव विरुद्ध सगळं जग. पांढरी मोहरी जगज्जेत्याकडे, काळी ज्याला हवं त्याच्याकडे. मायक्रोसॉफ्टच्या खेळांच्या संकेतस्थळावर डाव चालला आणि जगाची चाल मतदानानं ठरायची. 75 हून जास्त देशांतले 50,000 हून जास्त लोक त्यात उतरले. सल्ल्याला विशीच्या आतले चार खेळाडू होते: फ्रान्सचा एतियें बाक्रो, अमेरिकेचा फ्लोरिन फेलेकान, जर्मनीची एलिझाबेथ पेट्झ आणि 15 वर्षांची इरिना क्रश. क्रशचा जन्म ओडेसाचा, वाढली न्यूयॉर्कमध्ये.

नुसतं मतदान म्हणजे गर्दी, आणि कास्पारोवपुढे गर्दीचा टिकाव लागत नाही. पण इथे त्याच संकेतस्थळाच्या चर्चाफलकावर, मत द्यायच्या पानापासून वेगळ्या जागी, शेकडो लोक रोज एकत्र चर्चा करत होते. क्रश त्यांच्यात मिसळली. कुणी रात्र जागून एखादी ओळ तपासायचा, कुणी ती खोटी पाडायचा. सेंट पीटर्सबर्गच्या ग्रँडमास्टर स्कूलचे खेळाडूही त्यात होते. हे सगळं फांद्या-उपफांद्यांसह एकत्र रचून ठेवायचं काम क्रश आणि तिचे सोबती करत होते. दहाव्या चालीला तिनं सुचवलेला वजीर ई6 वर आला. ही चाल तोवर कुणी खेळलेली नव्हती. एकाच वेळी पांढऱ्याच्या ई4 आणि सी4 वरच्या प्याद्यांवर डोळा! जगानं हत्ती सोडला आणि बदल्यात घोडा आणि ती दोन्ही प्यादी घेतली. पट असा पेटला की कास्पारोवला घाम फुटला. आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही डावावर इतकी मेहनत घेतली नव्हती, असं त्यानंच पुढे कबूल केलं.

तरी जग हरलं. 22 ऑक्टोबरला, 62 व्या चालीनंतर. डाव वजीर आणि प्याद्यांच्या शेवटात गेला होता आणि तिथे एक पाऊल इकडचं तिकडे चालत नाही. 58 व्या चालीला क्रशची शिफारस मतदारांपुढे वेळेत आली नाही आणि बहुमत वेगळ्या चालीकडे गेलं. डाव तिथं हरला की आधीच हरलेला होता, या वादात मी शिरत नाही. मला त्यातून एवढंच दिसतं: जे लोक चर्चेत बसून होते त्यांना काय खेळायचं ते ठाऊक होतं. मत देणाऱ्यांपैकी खूप जण त्या चर्चेकडे कधी फिरकलेच नव्हते. ते फक्त मत द्यायच्या पानावर यायचे आणि तिथे समोर जे असेल तेवढंच वाचायचे. एका दिवशी तिथली एक शिफारस गळली, तर चार महिन्यांची सामूहिक मेहनत त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. चर्चा होती, उत्तम होती, पण मत देणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात नव्हती.

मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाचं आज नेमकं तेच होतं. डाव संपला की अंगठ्याखाली पहिलं बटण येतं ते नव्या डावाचं. समोरच्याशी बोलायची सोय असते, डाव वाटून घ्यायची असते. लीचेससारख्या मोफत संकेतस्थळावर तर चार जण चार गावांत बसून एकाच पटावर मोहरी हलवू शकतात. पण या जागा दोन-तीन पानं आत असतात. तेरा वर्षांचं मूल हरल्याच्या रागात तिथवर जात नाही. त्याला कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं.

आपल्याकडे हे हाताला धरणं कसं असतं ते सांगलीनं दाखवलंय. भाऊसाहेब पडसळगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ जोपासलं, वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या आणि बाहेरगावच्या खेळाडूंना तिथे आपलं वाटेल असं वातावरण ठेवलं. सांगलीवर एक अख्खा लेख लिहायचाय, तो या मालिकेत कधीतरी येईलच.

तर नांदेडच्या ताई, उपाय असा. पंधरा डावांचे पाच करा. त्यातला एक हरलेला डाव रोज वहीत उतरवायला लावा. आठवड्याला एकदा तो कुणापुढे तरी मांडायचा: शेजारचा मुलगा, वर्गमित्र, नाहीतर सरळ तुम्ही. तुम्हाला खेळ येत नसला तर फार बरं. ‘इथं तुला काय वाटलं होतं?’ एवढंच विचारत राहा. त्याचं बोलून होईपर्यंत इंजिन बंद. फोनवर एकदा आकडा दिसला की बोलणं तिथंच संपतं.

आणि सगळ्यांनीच पुढच्या आठवड्यासाठी लुसेना मांडून ठेवा. पांढरा राजा जी8 वर, प्यादं जी7 वर, हत्ती एफ1 वर. काळा राजा ई7 वर, हत्ती एच2 वर. चाल पांढऱ्याची, आणि तो जिंकतो. पट जेवणाच्या टेबलावर ठेवा, कपाटावर नको. घरातलं कोण आधी थांबतं आणि पहिली चाल कुठली सुचवतं, ते मला कळवा.