दुपारी तीनच्या आत मावळणारा सूर्य

नोकरी किंवा शिक्षणासाठी स्वीडन, नॉर्वे, फिनलंडला निघालेल्या मराठी तरुणांच्या घरी तयारी चालते ती थंडीची. जाड जॅकेट, थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोपी असे सगळे बॅगेत जाते. थंडीचा बंदोबस्त त्याने होतोही. पहिल्या हिवाळ्यात खरा त्रास देतो तो अंधार, आणि त्याची तयारी कोणी केलेली नसते.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबई-पुण्यात दिवस सुमारे ११ तासांचा असतो. स्टॉकहोममध्ये तो जेमतेम सहा तासांचा. सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजाच्या सातेक अंशच वर असतो. नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरात तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही.

शरीराचे घड्याळ का बिघडते?

आपल्या मेंदूत दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते. डोळ्याच्या पडद्यातील काही खास पेशी सकाळच्या उजेडाची खबर त्याला देतात आणि ते रोज जुळवले जाते. उजेड कमी पडला की घड्याळ मागे पडते. झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे संप्रेरक सकाळी उशिरापर्यंत रेंगाळते. त्यामुळे सात-आठ तास झोपूनही अंगातली सुस्ती जात नाही.

काहींच्या बाबतीत हे सुस्तीवर थांबत नाही. दिवसभर उदास वाटणे, गोड आणि पिठूळ पदार्थ सारखे खावेसे वाटणे, वजन वाढणे, लोकांत मिसळणे नकोसे होणे अशी लक्षणे हिवाळ्यात येतात आणि वसंतात जातात. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या ऋतुजन्य नैराश्याचे वर्णन केले. इकडे फोनवर आई-वडिलांना मात्र एवढेच कळते, की मुलगा फार झोपतो, नीट बोलत नाही. ‘आळशी झालास’ हे वाक्य अशा वेळी औषधासारखे नव्हे, मीठ चोळल्यासारखे लागते.

उपाय साधे, पण नियमाने

पहिला उपाय फुकटचा आहे. दिवस असेल तेवढ्या वेळात बाहेर पडावे. ढगाळ आकाशाखालीही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट अधिक उजेड मिळतो. जेवणाच्या सुटीत अर्धा तास चालणे ऑफिसच्या कँटीनमध्ये बसण्यापेक्षा बरे. रस्ता बर्फाने निसरडा असतो, म्हणून बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे वापरावेत. अंधारात वाहनचालकाला दिसावे म्हणून कोटावर चमकणारा रिफ्लेक्टर लावावा.

तेवढ्याने भागत नसेल तर प्रकाशोपचाराचा दिवा मिळतो. १०,००० लक्सच्या अशा दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसायचे असते. मात्र डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा बायपोलर विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये. समुपदेशन आणि औषधे यांचाही चांगला उपयोग होतो. थकवा दिसला की थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि शाकाहारी व्यक्तींमध्ये बी-१२ हेही तपासून घ्यावे. सगळाच दोष हिवाळ्याला देऊ नये.

ड जीवनसत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. ते त्वचेत तयार होण्यासाठी लागणारी अतिनील किरणे उत्तरेकडे हिवाळ्यात जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत, आणि आपल्या सावळ्या त्वचेला तर ती अधिक लागतात. वरचा दिवाही हे काम करत नाही. तेथे दूध व तत्सम पदार्थांत ड जीवनसत्त्व मिसळलेले असते, शिवाय रोज १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिटची गोळी बहुतेकांना पुरते. भारतातून ६०,००० युनिटच्या पुड्या किंवा कॅप्सूल नेऊन तपासणीविना महिनोन्‌महिने दर आठवड्याला घेणे धोक्याचे आहे. रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

नाताळातला एकांत

या काळोखावर तेथील लोकांनी जुना तोडगा काढलेला आहे. नाताळाच्या चार रविवार आधीपासून स्वीडनमधील खिडक्यांत कागदी चांदण्या आणि सात दिव्यांच्या दीपमाळा लागतात. आपल्या आकाशकंदिलाची आठवण व्हावी अशा. १३ डिसेंबरला ल्युसियाच्या दिवशी पांढऱ्या झग्यातल्या मुली डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालून गातात, केशर घातलेले पाव वाटले जातात. जुन्या दिनदर्शिकेत ही वर्षातली सर्वांत मोठी रात्र मानत. या मंद दिव्यांनी शरीराचे घड्याळ जुळत नाही, पण माणसे एकत्र येतात आणि तेही मोलाचे.

पंचाईत होते ती २४ डिसेंबरला. तो सण घरच्यांचा. दुकाने लवकर बंद होतात, वसतिगृहे ओस पडतात, आणि नवखा माणूस खोलीत एकटा उरतो. म्हणून त्या आठवड्याचा बेत आधीच ठरवावा: एकत्र स्वयंपाक, सहकाऱ्याचे आमंत्रण, जवळ असेल तर मराठी मंडळाचा कार्यक्रम. एकटेपणावर मद्याचा उतारा मात्र नको. त्याने झोप आणि मन दोन्ही अधिक बिघडते. जगणे नकोसे वाटण्याचे विचार आले तर थांबू नये. युरोपीय देशांत ११२ हा तातडीचा क्रमांक आहे.

स्टॉकहोमचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. आपल्याकडे संध्याकाळी पाचला फोन केला तर तेथे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, म्हणजे उजेड असतो. ‘जेवलास का?’च्या जोडीला ‘आज उन्हात, निदान उजेडात, बाहेर पडलास का?’ हेही विचारावे. शक्य तर फोनवर बोलत बोलतच त्याला बाहेर काढावे.