मिळकतीचे चार भाग

बौद्ध धर्म म्हणजे संसारत्याग, असा आपणां सुशिक्षितांचा सर्वसाधारण समज असतो. त्यामुळें घरखर्चाच्या वा व्यापाराच्या बोलण्यांत भगवान् बुद्धाचें नांव निघालें, तर आपणांस नवल वाटतें. हा समज अपुरा आहे, असें आमचें मत आहे.

दीघनिकायांतील सिगालोवाद सुत्तांत बुद्धानें राजगृहाच्या एका तरुण गृहस्थास मिळकतीची वांटणी सांगितली आहे. तिचे चार भाग करावे. एकाचा उपभोग घ्यावा, दोन उद्योगांत घालावे आणि चौथा आपत्कालासाठीं राखावा. धन येथें निंद्य मानलेलें नाहीं. पण तें मिळवितांना परपीडा होऊं नये. म्हणूनच शस्त्रें, जीव, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकानें करूं नये, असें अंगुत्तरनिकायांत सांगितलें आहे.

धर्म आणि पैसा यांची सांगड पाहावयास आपणांस दूर जावयास नको. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे २,००० आणि १,००० कार्षापण ठेव ठेविली. व्याज दरमहा शेंकडा अनुक्रमें एक आणि पाऊण. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याजच तेवढें खर्चावयाचें. पहिल्या ठेवीचें वर्षाचें व्याज २४० होतें. आणि लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस वस्त्राकरितां प्रत्येकीं बारा द्यावयाचे, ते नेमके तेवढेच! विणकरांच्या हातीं भांडवल खेळलें, भिक्षूंस वस्त्र मिळालें.

१९५५ सालीं अर्थसल्लागार म्हणून ब्रह्मदेशीं गेलेले ई. एफ. शूमाखर यांनींहि पुढें ‘बौद्ध अर्थशास्त्र’ या निबंधांत हाच धागा उचलला. थोड्या उपभोगांत अधिकांत अधिक स्वास्थ्य साधावें, हा त्यांचा हिशेब.

कोणी म्हणेल, नोकरदारानें दोन भाग कोणत्या धंद्यांत घालावे? पण त्याची शिल्लकहि कोणाच्या तरी धंद्यांतच जाते. ज्या घरांत मुलांस व्यसनाचे दुष्परिणाम सांगितले जातात, त्याच घरचा पैसा मद्याच्या कारखान्याच्या शेअरांत असला, तर मुलांनीं कोणता धडा घ्यावा?

यासाठीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं जमाखर्चाची वही एकदां मुलांदेखत उघडावी. चार भाग तंतोतंत न जुळले तरी चालेल. आपला पैसा कोणाच्या जिवावर वाढतो, एवढें जरी सर्वांस कळलें, तरी आमच्या मतें हिशेब बरोबर बसला.