भाडेकरूच्या मागण्या : कोणत्या मान्य, कोणत्या अमान्य?

देहू, देहूरोड, तळवडे, चिखली, मोशी आणि पुढे चाकण या पट्ट्यात खोल्या आणि गाळे भाड्याने देणे हा आता एक स्वतंत्र धंदा झाला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर कारखानदारी भोसरीकडून तळवड्याकडे आणि चाकणकडे सरकत गेली. जिथे कारखाना आला तिथे कामगार आला, आणि कामगाराला खोली लागली. ज्या देहूची ओळख तुकाराम महाराजांचे गाव म्हणून आहे, जिथून निघालेली पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी पहिला विसावा घेते, त्या गावातही आज वेगवेगळ्या जिल्ह्यांतले आणि प्रांतांतले लोक भाड्याने राहतात.

या पट्ट्यातील आपले अनेक बांधव लेथ, वेल्डिंग, फॅब्रिकेशन, गॅरेज, बेकरी, गादी-रजई, भंगार अशा कामांत आहेत. पुष्कळांनी पोटाला चिमटा घेऊन गुंठा-दोन गुंठे जागा घेतली आणि त्यावर तीन-चार खोल्या किंवा एखादा पत्र्याचा गाळा बांधला. त्या भाड्यावर कुणाचे म्हातारपण चालते, कुणी मुलीच्या लग्नासाठी, तर कुणी हजसाठी पैसे बाजूला टाकतो. असा मालक मोठा जमीनदार नसतो. कित्येकदा तो स्वतः दुसऱ्याच्या गाळ्यात भाडेकरू असतो. म्हणूनच भाडेकरूला 'नाही' म्हणताना त्याची जीभ अडखळते.

खोली देताना बोलणे होते ते चार माणसे, एक दिवा, एक पंखा आणि एक दुचाकी एवढेच. सहा महिन्यांत गावाकडचे दोन भाऊ येऊन राहतात. मग गिझर हवा, कूलर हवा, दुसऱ्या दुचाकीला जागा हवी, मागच्या बाजूला पत्रा टाकून द्यावा, या महिन्याचे भाडे पुढच्या महिन्यात घ्यावे, असे एकामागून एक सुरू होते. मालक भिडेखातर होकार देत जातो. वर्षभराने हिशेब बसत नाही, तेव्हा एकदम चिडतो, पाण्याचा कॉक बंद करतो, शिवीगाळ होते आणि प्रकरण पोलीस चौकीत जाते. आमच्या मते इथे दोन्ही गोष्टी चुकतात. नको तिथे होकार दिला जातो आणि नको त्या रीतीने नकार दिला जातो.

मागणी आली की ती तीनपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे मालकाने प्रथम पाहावे. काही मागण्या हक्काच्या, काही सौद्याच्या, तर काही धोक्याच्या असतात.

हक्काच्या मागण्या

छत गळते, भिंतीत ओल उतरते, जुनी वायर जळते, संडासाची टाकी तुंबते, या तक्रारींना 'जादा मागणी' म्हणता येणार नाही. भाडे घेतले म्हणजे जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी आपली झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. करारात वेगळे ठरले नसेल तर दुरुस्ती मालकाने करायची, असे त्याचे कलम १४ सांगते. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने हालचाल केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होऊ शकत नाही.

पाणी, वीज, जिन्यातला दिवा आणि सफाई या गरजेच्या सोयी तोडण्यास कलम २९ ने मनाई आहे. भाडे थकले किंवा भांडण झाले, तरी नळ बंद करण्याचा अधिकार मालकाला मिळत नाही. तसे केल्यास उलट मालकच आरोपी ठरतो आणि त्याची खरी बाजूही पडते.

पाण्याच्या बाबतीत आधीच स्पष्ट बोलणे बरे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०१९ च्या अखेरीस दिवसाआड पाणी सुरू केले. तेव्हापासून साठवणीची टाकी आणि टँकर हा भाड्याच्या हिशेबाचाच भाग झाला आहे. टँकर मागवावा लागला तर पैसे कोणी आणि कसे वाटून द्यायचे, हे खोली देतानाच ठरवावे. उन्हाळ्यात टाकी कोरडी पडल्यावर हा विषय काढला तर भांडण ठरलेलेच.

सौद्याच्या मागण्या

दुसऱ्या प्रकारच्या मागण्या मान्य केल्या तर मेहेरबानी ठरते, नाकारल्या तर अन्याय होत नाही. गिझर, नवा रंग, मच्छरजाळी, कपाट, जादा पार्किंग, आणखी एक माणूस ठेवणे या साऱ्या गोष्टी यात येतात. त्यांचा खर्च कोणी सोसायचा, वस्तू शेवटी कोणाची राहायची आणि त्यामुळे भाडे किती वाढायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे ठरली की होकार किंवा नकार देणे सोपे जाते.

किरकोळ कामे कोणाची, यावर सर्वांत जास्त वाद होतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये एक नमुना भाडेकरू कायदा तयार केला. राज्याने स्वीकारल्याशिवाय असा नमुना लागू होत नाही, पण त्यातील कामांची यादी करार लिहिताना उपयोगी आहे. इमारतीची मुख्य दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, पाण्याचे पाइप आणि वायरिंग ही कामे त्यात मालकाकडे दिली आहेत. नळ व त्याचा वॉशर, गटारीची सफाई, बटणे व सॉकेट, कुलपे व कड्या, खिडकीची काच, जाळी, गिझरची दुरुस्ती ही भाडेकरूकडे आहेत. ही यादी मराठीत लिहून करारास जोडली, तर "नळ गळतो, या" असे रात्री दहाला येणारे बोलावणे आपोआप कमी होईल.

मात्र प्रत्येक बदल अडवता येत नाही, हेही मालकांनी जाणून घ्यावे. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे हे जागा खाली करून मागण्याचे एक कारण आहे. पण लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा ओटा, जाळी, हवेसाठी खिडकी, धुराडे अशी कामे, जिथे लागेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन केली, तर तेवढ्यासाठी मालकाच्या परवानगीची गरज नाही, असे कलम १६ मध्येच म्हटले आहे. अशा गोष्टींवर प्रतिष्ठेचा प्रश्न करण्यात अर्थ नाही.

धोक्याच्या मागण्या

आमच्या या लेखाचा खरा रोख तिसऱ्या प्रकाराकडे आहे. इथे भीड घातक ठरते.

पहिला धोका विजेचा. घरगुती मीटरवर खोली घेतलेला भाडेकरू म्हणतो, "चाचा, एक छोटे वेल्डिंग मशीन लावतो, बिल मी भरीन." मीटर ज्या कारणासाठी मंजूर आहे त्याहून वेगळा वापर झाला, तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होते. अशा वापराचा काळ निश्चित करता आला नाही, तर तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांसाठी ती लावली जाते. मीटर मालकाच्या नावावर, तेव्हा बिलही मालकाच्या नावानेच येते. तोवर भाडेकरू गाव सोडून गेलेला असू शकतो. ज्याला यंत्र चालवायचे आहे त्याने रीतसर औद्योगिक जोडणी घेतलेला गाळाच घ्यावा.

दुसरा धोका ज्वालाग्राही मालाचा. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागली. त्याच दिवशी सहा जीव गेले आणि भाजलेल्यांपैकी आणखी काही जण पुढे रुग्णालयात दगावले. मरण पावलेल्यांत बहुतेक जणी पोटासाठी रोजंदारीवर आलेल्या बायका होत्या. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तेव्हा कारखाना चालवणाऱ्याबरोबर जागेच्या मालकांनाही आरोपी केले. देहूपासून हाकेच्या अंतरावर घडलेली ही गोष्ट प्रत्येक गाळामालकाने ध्यानात ठेवावी. "आत काय चालते ते आम्हाला ठाऊक नव्हते," हे उत्तर कायद्यापुढे अपुरे आहे आणि अल्लाहपुढेही. थिनर, केमिकल, फटाक्याची दारू किंवा जादा गॅस सिलिंडर ठेवू द्या, अशी मागणी आली तर भाडे दुप्पट मिळत असले तरी नकारच द्यावा.

तिसरा धोका वाढीव शेडचा. "मागे दहा फूट पत्रा वाढवून द्या, भाडे वाढवून घ्या," ही मागणी या पट्ट्यात रोजची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतील शेड, गोदामे आणि भंगाराची दुकाने हजारोंच्या संख्येने अनधिकृत म्हणून जमीनदोस्त केली. त्यात आपल्या समाजाचे किती संसार रस्त्यावर आले, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. त्या कारवाईबद्दल प्रत्येकाचे मत काहीही असो, धडा एकच आहे. परवानगीशिवाय वाढवलेल्या पत्र्याचे भाडे चार वर्षे मिळते आणि एका सकाळी मालकाचे शेड व भाडेकरूचा माल दोन्ही जातात. इथे दिलेला नकार भाडेकरूच्याही हिताचा असतो.

चौथा धोका पोटभाडेकरूचा. ज्याला खोली दिली तो निघून जातो आणि तिसराच माणूस राहतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे बंधन मालकावर असते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले, तेव्हापासून या भागाचा कारभार तिथून चालतो. ज्याचे नाव दिले तो नाही आणि जो आहे त्याचे नाव दिलेले नाही, अशा स्थितीत काही गैर घडले, तर चौकशीला पहिला मालकच बोलावला जातो.

नकार कसा द्यावा?

'बघू', 'सांगतो', 'पुढच्या महिन्यात' ही आपल्याकडची नकाराची भाषा आहे. भाडेकरू तिचा अर्थ होकार असाच घेतो आणि त्यात त्याचा दोष नाही. नकार द्यायचा तर त्याच दिवशी, शांतपणे आणि कारण सांगून द्यावा. "भाई, मीटर घरगुती आहे, मशीन चालणार नाही," एवढे एक वाक्य पुरे. जमत असेल तर दुसरी वाट सुचवावी. दोन माणसे वाढली असतील तर मोठ्या खोलीचे भाडे सांगावे. महत्त्वाचे बोलणे मोबाइलवर संदेश पाठवून लेखी करून ठेवावे. एका भाडेकरूला जी सवलत दिली ती बाकीचेही मागणार, हे गृहीत धरून सर्वांना एकच नियम ठेवावा. नातेवाईक, गाववाला किंवा जमातीतला माणूस असेल, तरी कागद तोच आणि अटी त्याच असाव्यात.

कागद आधी, किल्ली नंतर

अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे केला की झाले, हा समज अजून गेलेला नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, शिवाय मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क फार नाही. मुदतीतील एकूण भाडे आणि बिनव्याजी अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्क्यांनी काढलेली रक्कम यांच्या बेरजेवर पाव टक्का, असा त्याचा हिशेब आहे. राहण्यासाठी दिलेल्या अशा जागेची मुदत संपली की कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो. गाळ्याच्या बाबतीत ही वाट नाही, म्हणून तिथे करार अधिक जपून करावा. आपल्या गावाला आणि आपल्या जागेला या कायद्यातील काय लागू पडते, हे एकदा वकिलाला दाखवून घ्यावे.

करारात माणसांची संख्या, वापराचे कारण, विजेचा भार, पार्किंग, पाण्याचा खर्च, दुरुस्तीची वाटणी आणि अनामतीतून काय कापले जाईल, एवढ्या बाबी याव्यातच. भाड्याची पावती न चुकता द्यावी.

दीन काय सांगतो?

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार करण्याचा आदेश आहे. सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या आदेशाने होते. तेव्हा भावाभावांत कागद कशाला, असे म्हणणे दीनला धरून नाही. भाड्याने घेतलेली जागा ही भाडेकरूच्या हाती अमानत असते, हे भाडेकरू बांधवांनीही विसरू नये. भाडे न देता मोठी रक्कम अनामत ठेवून राहण्याची 'हेवी डिपॉझिट'ची मागणी हल्ली वाढली आहे. कर्जाच्या मोबदल्यात राहण्याचा फायदा घेणे यात येते, म्हणून अनेक उलेमा त्याला व्याजाचा प्रकार मानतात. तिलाही नम्रपणे नकार द्यावा.

एका ठिकाणी मात्र हात सैल सोडावा. कंत्राट संपले, हात यंत्रात सापडला, घरी आजारपण आले, म्हणून ज्याचे भाडे खरोखर थकले त्याला मुदत द्यावी. अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याचा आदेश त्याच सूरह बकराच्या २८० व्या आयतीत आहे. मुदत किती दिली, तेवढे लिहून ठेवावे. आपल्या माणसाला शहरात खोली मिळवताना किती दारांवरून परतावे लागते, हे आपण जाणतो. ज्याने दार उघडले त्याने पुढे जुलूम करू नये, आणि ज्याला आसरा मिळाला त्याने त्याचा गैरफायदा घेऊ नये.

येत्या जुम्याला नमाजनंतर प्रत्येक घरमालकाने आपला करार एकदा काढून पाहावा. नोंदणी आहे का, मुदत कधी संपते, मीटर कशाचे आहे आणि आत नेमके कोण राहते व काय चालते, या चार गोष्टी तपासल्या तरी निम्मी भांडणे सुरू होण्याआधीच मिटतील, इन्शाअल्लाह.