चोवीस तारखेला नवं काही नाही

नाताळचा ताण नेमका कुठे साचतो हे पाहायचं असेल, तर वसई, वांद्रे, म्हापसा, मडगाव अशा कुठल्याही गावातल्या कॅथलिक घरात २४ डिसेंबरच्या दुपारी डोकावावं. कढईत नेवऱ्या तळल्या जातायत, शेजारच्या शेगडीवर डुकराचं मटण शिजतंय, गोठ्यातली दिव्यांची माळ अर्धीच पेटतेय, आखातातून पहाटे आलेला दीर आतल्या खोलीत झोपलाय म्हणून मिक्सर लावायची सोय नाही. रात्री मिस्सेला जायचंय आणि साडीचा ब्लाउज अजून शिंप्याकडेच आहे. या सगळ्याच्या मध्यभागी एकच बाई उभी असते आणि संध्याकाळपर्यंत ती कुणावर तरी खेकसणार, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

कामं फार असतात हे खरंच. पण त्यातली निम्मी त्या दिवसाची नसतातच. ती तीन आठवडे आधीची तरी असतात, नाही तर चार दिवस नंतरची. वेळ वाटून घ्यायची सोय चर्चच्या कॅलेंडरातच केलेली आहे, आपण ती वापरत नाही इतकंच.

नाताळच्या आधी आगमनकाळाचे चार रविवार येतात. पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही पडतो, त्यामुळे आगमनकाळ कधी २२ दिवसांचा, कधी २८ दिवसांचा होतो. सहा दिवसांचा हा फरक स्वयंपाकघरात चांगलाच जाणवतो. २०२३ मध्ये चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला होता. सकाळी रविवारची मिस्सा, रात्री नाताळची, आणि मधल्या वेळात सगळं घर. २०२८ मध्येही तसंच होणार आहे. २०२६ ला आगमनकाळ २९ नोव्हेंबरला सुरू होतो आणि नाताळ शुक्रवारी येतो, म्हणजे हाताशी बऱ्यापैकी दिवस आहेत आणि सणाला जोडून शनिवार-रविवारही. नवं कॅलेंडर हातात आलं की हे आधी बघून ठेवावं.

चार रविवारांना चार मेणबत्त्या लागतात, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. घरात हिरव्या पानांचं चक्र करून त्या लावत असाल तर मुलांना वेगळं काही सांगावं लागत नाही. तिसरी पेटली की कामाचा कोणता टप्पा संपायला हवा, हे त्यांनाही कळतं.

टप्पे ठरवायचे ते पदार्थ किती टिकतो यावरून. जास्त टिकणारा आधी, नासणारा शेवटी. जुन्या बायका हे न लिहिता पाळायच्या. त्यामागचं कारण समजलं की आपल्यालाही ते घोकावं लागत नाही.

सगळ्यात आधी केक. मनुका, काळ्या मनुका, चेरी, संत्र्याच्या सालीचा मुरंबा हे सगळं बारीक चिरून रममध्ये किंवा ब्रँडीत महिनाभर मुरवतात. दारू आणि साखर मिळून जंतूंना लागणारं पाणी अडवून ठेवतात, म्हणून ते खराब होत नाही. असा केक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाजून, पूर्ण गार करून, आधी बटर पेपरात आणि मग फॉइलमध्ये गुंडाळून ठेवला तर नाताळपर्यंत तो बिघडण्याऐवजी सुधारतो. आठवड्यातून एकदा वरून चमचाभर रम सोडायची. घरात दारू चालत नसेल तर सुकामेवा संत्र्याच्या रसात गरम करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी भाजून टाकावा. मात्र या केकला आधीच्या केकचं आयुष्य नाही. तो २० तारखेनंतरच करायचा. ही एक गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे बुरशी आलेले केक पुष्कळ घरांनी पाहिले आहेत.

दुसऱ्या आठवड्यात कोरडा फराळ. कलकलच्या पिठात नारळाचं दूध पडतं, पण तळताना पाणी उडून जातं आणि नीट गार करून घट्ट डब्यात भरले तर ते दोन-तीन आठवडे कुरकुरीत राहतात. कोमट असताना झाकण लावलं की आतली वाफ त्यांना मऊ पाडते. घाई नडते ती इथेच. नेवऱ्यांचं थोडं वेगळं आहे. सारणात सुकं खोबरं, तीळ, काजू असतील तर त्या आठवडाभर सहज राहतात. ओला नारळ घातला तर दोन-तीन दिवसांत संपवाव्या लागतात, म्हणून ओल्या नारळाची हौस असलेल्यांनी २२ तारखेपर्यंत धीर धरावा. दोदोल माडाच्या गुळाचा, तांदळाच्या पिठाचा आणि नारळाच्या दाट रसाचा. तो कडेने तेल सोडेपर्यंत घोटायचा आणि घोटणारा माणूस मध्येच बदलायचा. तोही तिसऱ्या आठवड्यात आटोपता येतो.

घरी काय करायचं आणि विकत काय आणायचं याची माझी कसोटी सरळ आहे. ज्या पदार्थाभोवती माणसं बसतात तो घरी करावा. जो एका माणसाला शेगडीपाशी बांधून ठेवतो तो बाहेरून आणावा. कलकल वळायला काट्याची पाठ किंवा नवा कोरा कंगवा लागतो, आणि हात लागतात ते मात्र पुष्कळ. किलोभर पिठाला घरातले सगळे बसले तरी संध्याकाळ जाते. सहा वर्षांचं पोरही वाकडातिकडा कलकल वळतं आणि तो तळला की कुणाला फरक कळत नाही. आजीची गोष्ट, काकांची थट्टा, कॅनडाहून आलेल्या भाचीला अजून मराठी येतं की नाही याची परीक्षा, सगळं तिथेच होतं. बेबिंकाची गोष्ट याच्या उलट. अंड्याचा बलक, नारळाचा रस, साखर, थोडा मैदा, तूप आणि जायफळ, एवढंच साहित्य. पण एक थर ओतायचा, वरून आच देऊन तो लाल होईपर्यंत थांबायचं, वर तूप लावायचं, मग दुसरा थर. निदान सात थर, हौशी घरांत १६ सुद्धा. पूर्वी झाकणावर करवंटीचे निखारे ठेवून हे चालायचं, आता ओव्हनच्या वरच्या कॉइलवर चालतं, पण तास तेवढेच जातात आणि तेवढा वेळ करणारीला जागचं हलता येत नाही. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती उत्तम करणारे लोक आहेत, त्यांच्याकडून खुशाल आणावी. सासूबाई काय म्हणतील हा प्रश्न उरतो, पण पहिला तुकडा खाल्ल्यावर बहुधा त्या काही म्हणत नाहीत.

गोठ्याचं काम मुलांवर सोपवावं आणि मग त्यात अजिबात ढवळाढवळ करू नये. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाण मांडली, तेव्हापासून ही रीत पसरली. तिथे सुबकपणाचा प्रश्न नव्हता. गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी नाचणी किंवा गहू पसरट भांड्यात पेरायचे तर साधारण १४-१५ तारखेला पेरावेत, म्हणजे नाताळपर्यंत बोट-दीड बोट उंची येते. लवकर पेरले तर पिवळे पडून लोळतात. बाळयेशूला गव्हाणीत २४ च्या रात्रीच ठेवतात. तीन राजांना मात्र घाई नाही. काही घरांत मुलं त्यांना रोज थोडं थोडं पुढे सरकवत ६ जानेवारीला पोहोचवतात. लहान मुलांना गुंतवून ठेवण्याचा याहून स्वस्त उपाय माझ्या पाहण्यात नाही.

आता सोरपोतेल. हा पदार्थ २५ तारखेला करू नये, कारण त्या दिवशी तो चांगला लागतच नाही. मटण आणि काळीज आधी उकडून, अगदी बारीक चौकोनी चिरून, परतून, मग व्हिनेगरात वाटलेल्या मसाल्यात शिजवतात. व्हिनेगरची आंबट धार पहिल्या दिवशी टोचते. दोन-तीन दिवसांत ती मांसात आणि चरबीत मुरते, मसाला एकजीव होतो. म्हणून २२ तारीख योग्य. पूर्वी मातीच्या भांड्यात ठेवून रोज एकदा उकळी आणायचे आणि आंबटपणामुळे ते टिकायचं. आज फ्रिज आहे, तर त्याचा नीट उपयोग करावा. मोठं पातेलं तसंच ओट्यावर गार होत ठेवलं तर मध्यभाग तासन् तास कोमट राहतो आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. उथळ भांड्यांत वाटून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकावं आणि रोज लागेल तेवढंच बाहेर काढून खळखळून गरम करावं. इंदियाललाही हेच लागू.

असं केलं की २४ तारखेला हातात उरतं ते सान्नांचं किंवा फुग्यांचं पीठ, भात आणि सॅलड. त्या दिवशी नवा पदार्थ सुरू करायचा नाही, हा नियम घरात मोठ्याने सांगून ठेवावा. संध्याकाळचं जेवण हलकं असावं, माशाचं कालवण आणि भात पुरे. मिस्सा कधी आहे हे धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर आधीच पाहून घ्यावं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध असल्याने मुंबई परिसरात खुल्या मैदानातली ‘मध्यरात्रीची’ मिस्सा अनेक ठिकाणी बरीच आधी होते. काही घरं अजून बाराच्या हिशेबाने चालतात आणि मग धावतपळत मागच्या रांगेत उभी राहतात. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं असतील त्यांनी २५ च्या सकाळच्या मिस्सेला जावं. त्यात काही कमी पडत नाही.

पाहुण्यांचा हिशेब मात्र ऑक्टोबरातच करावा लागतो. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे २३ डिसेंबरच्या गाडीचं तिकीट २४ ऑक्टोबरला खुलं होतं आणि कोकण रेल्वेवर ते सकाळीच संपतं. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्यांनी ही तारीख फोनमध्ये घालून ठेवावी. किंवा मग सरळ २७ ला निघावं, कारण नाताळ तेव्हा कुठेही गेलेला नसतो.

हे आपण विसरतो. २५ डिसेंबरला नाताळचा काळ सुरू होतो आणि तो तीन राजांच्या सणापर्यंत, किंबहुना त्यानंतर येणाऱ्या येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. गोव्यात रेइस मागुस, कासावली आणि चांदोर इथे ६ जानेवारीला राजांचं फेस्त भरतं, घोड्यावर बसून मुलगे राजे होतात. एवढे दिवस हाताशी असताना सासर, माहेर, मावशी, आत्या, नवऱ्याच्या ऑफिसातले, सगळ्यांना एकाच दुपारी कोंबायचं कारण काय? पंचवीसला फक्त घरचे. मामाकडे २७ ला. ज्यांच्याशी नीट बोलायचंय त्यांना २९ ला चहाला बोलवावं, तेव्हा बोलणं होतं. सासर की माहेर हा वाद दरवर्षी नव्याने घालणाऱ्या जोडप्यांनी एक वर्ष मिस्सा इकडे आणि जेवण तिकडे, पुढच्या वर्षी उलट, असं ठरवून टाकावं आणि दोन्ही आयांना एकाच वेळी, एकाच खोलीत सांगावं.

भेटवस्तूंबद्दल थोडक्यात: वसतिगृहांत ख्रिस-मॉम, ख्रिस-चाइल्ड म्हणून चिठ्ठ्यांचा खेळ चालतो, तोच घरात आणावा. प्रत्येकाने एकालाच भेट द्यायची, रकमेची मर्यादा आधी ठरवून. लहान मुलं यातून वगळावीत.

शेजाऱ्यांची ताटं मात्र वगळू नयेत. दिवाळीत करंज्या-चकल्या आलेल्या असतात, त्यांची परतफेड नेवऱ्या-कलकलांनी होते, वर क्रोशाचा रुमाल. ताटं कोणाकडे जायची याची यादी २० तारखेलाच करून मुलांच्या हाती द्यावी. त्यात ज्या घरी यंदा कुणी गेलंय ते घर पहिलं. तिथे फराळ झालेला नसतो आणि बहुतेक वेळा त्यांना ताटापेक्षा पाच मिनिटं बसणारं माणूस हवं असतं.

भांडणांचं काय? वाडीतला सामाईक प्लॉट, बिल्डरची ऑफर, आजीच्या औषधांचा खर्च, हे विषय सगळे भाऊ एकत्र आले की निघतातच, कारण एरवी ते एकत्र येत नाहीत. ते टाळता येणार नाहीत, पण त्यांना दिवस देता येतो. ३० तारखेला सकाळी अकराला, पोटभर न्याहारी करून आणि बाटली न उघडता. असा दिवस ठरलेला असला की २५ ला कुणी विषय काढलाच तर ‘अरे, ते तीस तारखेला’ एवढं म्हणता येतं. पिणाऱ्या काकांसाठीही थोडी तजवीज असू द्यावी. जेवण दीड वाजता वाढलं, तर चारला वाढल्यापेक्षा घरातले कितीतरी प्रसंग टळतात.

३१ ला पोरं जुन्या वर्षाचा म्हातारा जाळतील, त्याच्यासाठी जुनी पँट आणि वर्तमानपत्रं त्यांना आधीच देऊन टाकावीत, नाही तर तुमची चांगली पँट जाते. गोठा राजांच्या सणानंतर आवरावा. मूर्ती एकेक करून कागदात गुंडाळाव्यात, दिव्यांची माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून मगच खोक्यात टाकावी. त्याच खोक्यात एक वही राहू द्यावी: कलकल किती किलोचे केले, किती उरले, सोरपोतेल कोणत्या दिवशी संपलं, बेबिंका कुठून आणली आणि कितीला, ताट कुणाला द्यायचं राहिलं.